दात्यांची धार, आरशाची धार

(दृश्य: बाजार. स्टँडवर चढवलेली सायकल, ठिणग्या.)

चोपड्याचा आठवडे बाजार. आबांचं पायडल सुरू झालं की कुरुंदाचं चाक गरगरतं आणि ठिणग्या पार कांद्याच्या पाटीपर्यंत उडतात. सुरी मुठीपासून टोकापर्यंत एका दमात ओढली जाते. जवळून बघा. चाकाने पाडलेले ओरखडे थेट कडेवर येऊन थांबलेत. त्यांचेच बारीक दाते झालेत. डोळ्याला दिसत नाहीत, पण अंगठा आडवा फिरवला की खरखर लागते.

(दृश्य: पात्याची कड, मोठी करून.)

पात्याच्या पलीकडे पोलादाची पातळ किनार उलटलीय. तिला 'बर' म्हणतात. ती राहिली, तर सुरी दोन टोमॅटो झकास कापते, मग बर दुमडते आणि सुरी बोथट. लोक दोष देतात खरखरीत धारेला. म्हणून आबा शेवटी पातं दगडावर दोन्ही बाजूंनी अगदी हलक्या हाताने उतरवतात. हे उतरवणं आम्ही पूर्ण दाखवतोय. कारागिरी इथेच आहे.

(दृश्य: दोन सुऱ्या, एक टोमॅटो.)

डावीकडची सुरी ४०० नंबरच्या दगडावरची; नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. उजवीकडची ३००० नंबरवर घासून, वर चामड्यावर फिरवलेली, आरशासारखी. ही हातावरची लव अलगद उतरवते. दोघींनी आधी पाटीभर कांदे कापलेत. आता पिकलेला टोमॅटो. आरशाची सुरी सालीवरून घसरते. दात्यांची सुरी नुसती ओढली, की साल धरते.

(दृश्य: केळीचं पॅकहाउस, पाण्याचे हौद.)

रावेरकडे मात्र आरशाचीच धार हवी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळीच्या फण्या घडापासून अशा वेगळ्या होतात. वाकडं पातं दाबलं, की एका घावात काप. तो गुळगुळीत लागतो. फाटका राहिला, तर तिथून बुरशी शिरते आणि फणी सडते.

चकाकी बघून सुरी घेणाऱ्यांनी घरी काय कापतो, ते आधी आठवावं. धारवाले आता बाजारात एखाददुसरेच उरलेत.

(दृश्य: पुन्हा बाजार. एक बाई विळी पुढे करते.)

आबा चाक फिरवण्याआधी विचारतात, "काय कापनं शे, ताई?"

"कांदानी पात. भरीत शे आज."

आबा बारीक दगड बाजूला ठेवतात आणि पायडलवर पाय देतात.