नर्सरीच्या पाटीवरचा 'ठेंगू' आणि बंदीचा वाद

नमस्कार मंडळी.

(पाटीकडे बोट दाखवत) ही पाटी वाचा. 'ठेंगू जातीची माडाची रोपं मिळतील.' वेंगुर्ल्याजवळची ही नर्सरी माझ्या चुलतभावाची. त्याची उंची तीन फूट दहा इंच. पुढे काय होत असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. गिऱ्हाईक येतं, पाटी वाचतं, मग याच्याकडे बघतं आणि सोबतच्याला कोपराने ढोसतं. रोपं हातात धरून तो हे सगळं बघत उभा असतो.

बुटक्या, टिंग्या, गिड्डा, बुटबैंगण, ठेंगू. या शब्दांवर बंदी घालावी का, यावर आज बोलायचंय. मी पूर्वी ठाम होतो, घालावी म्हणून. पाटीसुद्धा बदलूया असं मीच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माडाक ठेंगू म्हण, माडाक काय वाटणा नाय. माका मातर नावान हाक मार."

त्याचं म्हणणं मला पटायला वेळ लागला. उंच वाढणारा बाणवली माड धरायला सहा-सात वर्षं लागतात, ठेंगू तीन-चार वर्षांत धरतो, शहाळ्याला चांगला. शेतकरी हा शब्द शोधतच येतो. तिथे ठेंगू म्हणजे आखूड खोडाचा, एवढंच. त्यात कुणाची टर नाही.

आता इंग्रजीतला 'मिजेट' बघा. एकोणिसाव्या शतकात हा शब्द रुळला तो तंबूत तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या कमी उंचीच्या माणसांसाठी. मूळ शब्द चिलटासारख्या किड्याचा. अमेरिकेत 1957 साली बिली बार्टी या अभिनेत्याने 'लिटल पीपल ऑफ अमेरिका' ही कमी उंचीच्या लोकांची संघटना सुरू केली. 2015 मध्ये याच संघटनेने सांगितलं की 'मिजेट' शब्द वापरातून काढा. 'ड्वार्फ' मात्र त्यांनी ठेवला. एक शब्द वैद्यकातही वापरला जाणारा, दुसरा तिकीट लावलेल्या तंबूतून रुळलेला. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने 'मिजेट जेम्स' या गोळ्यांचं नाव 'मिनी जेम्स' केलं. एरिन प्रिचर्ड या प्राध्यापिकेने त्यासाठी आवाज उठवला होता, आणि त्यांची स्वतःची उंचीही कमी आहे. तेव्हाही लोक म्हणाले, गोळ्यांनी कुणाचं काय बिघडवलंय? माडाचा ठेंगू चालतो तर गोळीचा मिजेट का नको, असं तुम्हीही विचाराल. माझं उत्तर असं, की तो शब्द माणसाला दाखवून हसण्यासाठीच वापरला गेला. गोळीवर तो नंतर चिकटला.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016. त्यात वैद्यकीय किंवा जनुकीय कारणाने प्रौढ उंची 4 फूट 10 इंच, म्हणजे 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहिली असेल, तर ते दिव्यांगत्व मानलंय. कलम 92 सांगतं, की लोकांसमक्ष, हिणवण्याच्या हेतूने, जाणूनबुजून दिव्यांग व्यक्तीचा अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. म्हणजे शिक्षा आहे, पण शब्दांची यादी नाही. मला हे बरोबर वाटतं. यादी केली तर लोक चार दिवसांत नवा शब्द काढतील. कोकणात टोपणनावं पाडण्यात आपला हात कोण धरणार?

"आम्ही प्रेमानेच म्हणतो" हे मी लहानपणापासून ऐकतोय. शिमग्यात तर सगळंच माफ. पण ऐका, माझा भाऊ बारा वर्षांचा असल्यापासून शिमग्याच्या रात्री मांडावर येत नाही. काकी त्याच्यासाठी घरीच पुरणपोळी करते. त्या काकीलाही कमी ऐकावं लागलं नाही. ग्रहणात भाजी चिरली असशील, म्हणे. एफजीएफआर-3 नावाच्या जनुकात एक छोटा बदल होतो, त्यातून हा प्रकार होतो. त्याला अकॉन्ड्रोप्लेझिया म्हणतात, आणि अशा दहापैकी सुमारे आठ मुलांच्या आईवडिलांची उंची सर्वसाधारणच असते. बदल त्या मुलात नव्याने झालेला असतो. काकीने काहीही केलेलं नव्हतं. हे तिला कळेपर्यंत भाऊ कॉलेजात गेला होता.

"शब्दांचं काय घेऊन बसलात, आधी पायऱ्या, काउंटर बदला," असंही म्हणतात. एक प्रसंग सांगतो. एका बँकेत आम्ही गेलो. भाऊ पुढे, मी मागे फॉर्म भरत बसलेलो. काउंटर त्याच्या कपाळाच्या वर. आतून आवाज आला, "अरे, तो बुटका कुठे गेला?" तो समोरच उभा होता. मग काउंटरच्या कडेवरून पासबुक धरलेला हात वर आला. अंगठ्याला नर्सरीची लाल माती होती. आतल्या माणसाला तो दिसतच नव्हता, आणि दिसत नव्हता म्हणूनच तो शब्द निघाला. आता यात काउंटर वेगळा आणि शब्द वेगळा कसा काढायचा, सांगा मला.

ठरवायचं कुणी, हा खरा अवघड प्रश्न. फ्रान्समध्ये माणसं फेकण्याचा खेळ चालायचा, फेकले जाणारे कमी उंचीचे. 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी योग्य ठरवली. पण ज्याला फेकत, तो मानुएल वॅकेनहाइम स्वतःच बंदीविरुद्ध लढत होता, माझी रोजीरोटी गेली म्हणून. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेलं आणि 2002 मध्ये तो तिथेही हरला. मला बंदी योग्य वाटते, आणि त्याचं दुःखही खरं वाटतं. बंदी घालणाऱ्यांनी त्याला दुसरं काम द्यायला हवं होतं.

बोलीतला प्रत्येक शब्द पोलिसांकडे नेऊ नये, पण सरकारी फॉर्म, शाळेचं पुस्तक आणि रंगमंच इथे हयगय नको, असं माझं मत झालंय. दिव्यांगत्वाच्या मराठी याद्यांमध्ये आजही 'बुटकेपणा' हा शब्द दिसतो. ज्या शब्दाने रस्त्यावर चिडवतात, तोच प्रमाणपत्राच्या अर्जावर. भावाला 'वामनमूर्ती'ही नको आणि 'मूर्ती लहान, कीर्ती महान'ही नको. हरियाणाच्या नवदीप सिंगने 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-41 या कमी उंचीच्या खेळाडूंच्या गटात 47.32 मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवलं, तेव्हा भाऊ घरात नाचला होता. म्हणाला, बातमीत आधी अंतर सांगा, उंची मग सांगा.

सोमवारी आम्ही दोघं अर्ज घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जातोय. 'बुटकेपणा' काढून 'कमी उंची' लिहा, एवढीच मागणी. अर्ज त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. पाटी तशीच ठेवलीय, फक्त खाली त्याचं नाव रंगवलंय, 'ठेंगू'पेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरात.