भूलतज्ज्ञाची पंधरा मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत जोडीनं पूर्ण केली. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर. २०१७ साली तीच शर्यत एकट्यानं पुरी केली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी आणि लष्करातल्या श्रीनिवास गोकुळनाथांनी. तेही डॉक्टरच! म्हणजे चौघंही डॉक्टर.

हे काय गौडबंगाल? एवढ्या लांब नको, इगतपुरीला चला.

तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे होती, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर. वीस तासांची मुदत, सकाळी सहाला सुरुवात, म्हणजे रात्री दोनला खेळ खलास. वाटेतल्या एका टपरीवर सायकलस्वारांच्या कार्डांवर शिक्के मारायला मी बसलो होतो. चहा काचेच्या ग्लासात. कागदी कपातल्या चहाला कागदाचीच चव येते, असो. रात्री सव्वाअकराला एक गृहस्थ आले. शिक्का घेतला, मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली आणि म्हणाले, "पंधरा मिनिटं झोपतो. उठवू नका." हेल्मेटसकट बाकावर आडवे. दुसऱ्या मिनिटाला घोरणं सुरू. आणि बरोब्बर साडेअकराला, कुणी हाक न मारता, उठून बसले!

टपरीवाल्यानं विचारलं, "साहेब, करता काय?" म्हणाले, "भूल देतो." झालं! टपरीवाल्यानं आतून सासूबाईंची फाईल आणली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सासूबाई भुलीच्या भीतीनं तयार होईनात. डॉक्टरांनी टॉर्च धरून कागद न् कागद वाचला. "फक्त डोळाच बधिर करतात म्हणावं, त्या जाग्याच राहतील." यात आणखी वीस मिनिटं गेली. मी घड्याळ दाखवत होतो, ते पान उलटत होते.

आता डॉक्टरच का, ते सांगतो, थोडक्यात. जागरणाची सवय यांना शिकतानाच लागते, मिळेल तिथे डुलकी काढायचीही. पण जागरण असतं दुसऱ्यासाठी. लक्षात घ्या, दुसऱ्यासाठी. पेशंट घरी गेला तरी काम संपत नाही, त्या बेडवर नवा पेशंट येतो. इथे तीनशे किलोमीटर संपले की संपले.

मी जीपनं नाशिकला पुढे पोचलो. एक पन्नासला लांबून दिवा दिसला. शेवटचा शिक्का पडला, तेव्हा दहा मिनिटंही शिल्लक नव्हती. डॉक्टरांनी कार्डावर फुंकर मारून शाई वाळवली, कार्ड खिशात ठेवलं, मग फोन सुरू केला. सतरा मिस्ड कॉल. पाहिले, आणि पुन्हा बंद केला.

"रजेवर आहे हो मी. पोहे कुठे मिळतील?"