संघावर जीव का जडतो

(इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संकेतस्थळासाठी संपादित केलेले रूप)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि उपस्थित बंधू-भगिनींनो,

शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ आणि मंगळवार पेठेचे पाटाकडील तालीम मंडळ यांचा फुटबॉल सामना असला की कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये दुपारनंतर दुसरा विषयच उरत नाही, हे इथल्या कोल्हापूरकरांना मी सांगायची गरज नाही. जे तिकडचे नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे संघ कोणा उद्योगपतीने विकत घेतलेले नाहीत. खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, पाटाकडील ही सगळी मूळची तालमींची नावे आहेत. ज्या तालमीत एकेकाळी पेठेतील पोरे जोर-बैठका काढत, त्याच तालमीच्या नावाने त्यांची नातवंडे आज फुटबॉल खेळतात, आणि गणपती बसवण्यापासून एखाद्याच्या घरचे दुःखाचे प्रसंग निभावण्यापर्यंत सगळी कामेही तीच तालीम करते. त्यामुळे तिथला समर्थक संघ निवडायला कधी बसत नाही. ज्या गल्लीत जन्म, त्या गल्लीचा संघ.

माणसे एखाद्या संघात एवढी का गुंततात, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. अकरा अनोळखी तरुणांनी चेंडू जाळ्यात मारला किंवा मारला नाही, यावर एखाद्या प्रौढ, जबाबदार, घर चालवणाऱ्या माणसाची रात्रीची झोप का अवलंबून असावी? याला वेड म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्या माणसांच्या शेजारी बसून आपण तो संघ पाहिला, त्या माणसांवरची माया हळूहळू संघाच्या नावावर जमा होत जाते आणि पुढे ती माणसे पांगली, गेली, तरी त्या नावापाशी तशीच राहते, असे माझे मत आहे.

स्टेडियमच्या पायऱ्यांवर लहान मुले कशी बसतात ते आठवून पाहा. पाच-सहा वर्षांचा मुलगा चुलत्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसलेला असतो. ऑफसाइड म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते, चेंडू त्याला धड दिसतही नसतो, कारण पुढचा माणूस सारखा उठून उभा राहतो. तो पाहत असतो चुलत्याचा चेहरा. घरात फारसे न बोलणारा हा माणूस इथे ओरडतो, कपाळावर हात मारून घेतो आणि गोल झाला की शेजारच्या परक्या माणसाला मिठी मारतो, हे सगळे ते मूल टिपून घेते. खेळाचे नियम त्याला पुढे दोन-तीन वर्षांनी कळतात. आपले कोण आणि समोरचे कोण, हे मात्र त्याला त्याच दुपारी कळलेले असते.

आपले आणि समोरचे अशी वाटणी करायला माणसाला किती थोडे निमित्त पुरते, हे हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले. ताजफेल पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते, युद्धकैदी झाले, आणि सुटून आल्यावर त्यांना कळले की घरची जवळजवळ सगळी माणसे मारली गेली आहेत. माणसे परस्परांत भिंती का घालतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ अभ्यासाचा नव्हता. १९७० च्या सुमारास त्यांनी ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांना चित्रे दाखवली आणि कुणाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडली, कुणाला कँडिन्स्की या चित्रकाराची, असे सांगून त्यांचे दोन गट पाडले. वाटणी खरे तर कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. तरीही पैसे वाटायला सांगितल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, एवढेच काय, दुसऱ्या गटापेक्षा आपला गट वरचढ राहावा म्हणून स्वतःच्या गटाचे थोडे नुकसानही काही वेळा पत्करले. न पाहिलेल्या सोबत्यांसाठी जर हे होते, तर जिथे तीन पिढ्यांची ओळख आहे, एकच पाण्याचा नळ आहे, एकाच मांडवात लग्ने लागली आहेत, तिथे काय होत असेल?

कोल्हापूरचे उदाहरण मात्र याच्या एक पाऊल पुढे जाते, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. गेल्या काही वर्षांत तिथल्या संघांकडून आफ्रिकेतून आलेले खेळाडूही खेळले. एका हंगामापुरता आलेला, मराठीचा गंध नसलेला तरुण पेठेची जर्सी अंगात घालतो आणि दोन-तीन सामन्यांत तो पेठेचा होतो. पोरे त्याच्या नावाने घोषणा देतात, कट्ट्यावर त्याला चहा पाजतात, त्याच्या दुखऱ्या पायाची चौकशी करतात. उलट शेजारच्या गल्लीत वाढलेला खेळाडू पुढच्या हंगामात दुसऱ्या संघाकडून उतरला, तर त्याच्याशी बोलताना काही दिवस तरी सूर बदलतो. म्हणजे पेठेचे आपलेपण रक्तावर किंवा जन्मगावावर ठरते असे नाही. जो आपल्यासाठी मैदानात उतरतो तो आपला. परक्या मुलखात येऊन संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांनी हे नीट समजून घ्यावे असे मला वाटते.

या गुंतण्याची दुसरी बाजूही आहे. आपण संघात गुंतलो की डोळेसुद्धा संघाचे होतात. अमेरिकेत १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा सामना अतिशय धसमुसळा झाला. एका बाजूच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय. नंतर अभ्यासकांनी त्या सामन्याची एकच फिल्म दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग त्यांच्याच विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. कोणी खोटे बोलत नव्हते. शाहू स्टेडियमवर पंचांनी फ्री किक दिली की दोन्ही बाजूंच्या पायऱ्या एकाच वेळी उठतात आणि दोन्हीकडच्या माणसांना आपल्यावरच अन्याय झाला असे मनापासून वाटते, त्याचे कारण हेच आहे. ईर्ष्येचे सामने हाणामारीपर्यंत गेल्याच्या घटना कोल्हापूरने पाहिल्या आहेत. त्यांचे समर्थन मी कधीही करणार नाही, कारण दगड कुणाच्या डोक्यात बसला हे दगडाला कळत नाही आणि घरी वाट पाहणारी आई दोन्ही पेठांत असते.

आता हरण्याविषयी बोलतो, कारण या विषयाचे मर्म मला तिथे दिसते. ब्रिटनमधील सुमारे ३२ हजार लोकांनी आपल्याला त्या-त्या वेळी कसे वाटते आहे याच्या मोबाइलवर केलेल्या नोंदी दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१८ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. संघ जिंकल्यावर समर्थकाला जेवढा आनंद होतो, त्याच्या साधारण दुप्पट दुःख हरल्यावर होते, असे त्यांना आढळले. शरीरही यातून सुटत नाही. २००६ ची विश्वचषक स्पर्धा जर्मनीत झाली, तेव्हा जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहून अधिक झाल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी केली आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ला, सलग दहा सामने जिंकून आलेला भारताचा क्रिकेट संघ अहमदाबादला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांना रात्री जेवण गेले नाही हे आठवून पाहा. निव्वळ नफा-तोट्याचा विचार केला तर कुणीही शहाण्या माणसाने कुठल्याच संघाच्या नादी लागू नये.

तरीही माणसे पुढच्या सामन्याला येतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी विद्यापीठांत केलेली पाहणी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढलेली दिसली. यशाच्या उजेडात उभे राहायला सगळ्यांनाच आवडते. पण ज्यांची नाळ संघाशी घट्ट जुळली आहे, ते पराभवानंतरही अंतर राखत नाहीत, असेही पुढच्या संशोधनात दिसून आले, आणि पेठेचे वागणे या दुसऱ्या प्रकारातले आहे. पेठेतला माणूस पराभव झाला म्हणून जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला, दाढी करायला, मिसळ खायला त्याला त्याच चौकातून जायचे असते. ज्याने तिकडच्या समर्थकांचे टोमणे आपल्यासोबत सोसले, तो माणूस विजयाच्या मिरवणुकीत शेजारी नाचलेल्या माणसापेक्षा अधिक जवळचा होतो. हरल्यानंतर तालमीच्या दारात रात्री उशिरापर्यंत जी चर्चा चालते, कुणाला आधी बदलायला हवे होते, टायब्रेकरला पहिला फटका कुणी घ्यायला हवा होता, तिच्यातून निकाल काही बदलत नाही. पण त्या चर्चेला बसलेली माणसे उठताना एकमेकांना घट्ट धरून उठतात. डॅनियल वॉन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर समर्थकांचाच अभ्यास केला. स्थानिक संघाशी जोडलेल्या माणसांना एकटेपण कमी जाणवते, असे त्यांचे संशोधन सांगते. मला त्यात नवल वाटत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १९१२ साली धर्मजीवनाविषयी लिहिताना असे मांडले होते की माणसे एकत्र जमून एकाच गोष्टीकडे लक्ष लावतात तेव्हा त्यांच्यात एक उधाण येते, जे एकेकट्या माणसात येऊच शकत नाही. कोल्हापुरातील शाहू महाराजांचे खासबाग हे कुस्तीचे मैदान त्याच वर्षी पूर्ण झाले. मध्ये कुस्तीचा मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली गोलाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कुस्ती तर दिसतेच, शिवाय समोर बसलेली हजारो माणसेही दिसतात. डाव लागला की समोरची सगळी माणसे एकदम उठताना आपण पाहतो आणि आपणही उठलेलो असतो. मल्लाचे नाव पुकारताना त्याच्या तालमीचे आणि वस्तादाचे नाव पुकारतात, कारण प्रेक्षकाला कुस्ती कोणाकोणाची आहे हे आधी कळायला हवे असते.

मग कोल्हापूरच्या चौकात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे का लागतात, असे मला इथे अनेकदा विचारले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये लुसैलच्या मैदानावर फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टींवर हरवले, तेव्हा कधी मुंबईपलीकडे न गेलेल्या मुलांच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते पाणी खरे होते. अर्जेंटिना दूर असला तरी अर्जेंटिनाची बाजू घेणारे मित्र आणि ब्राझीलसाठी भांडणारे शेजारी त्याच गल्लीतले होते. दूरच्या संघावरही माणूस जवळच्या माणसांच्या संगतीनेच प्रेम करतो.

हे आपलेपण कुठवर पोहोचू शकते, याविषयी इंग्लंडमध्येच झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. मानसशास्त्रज्ञ मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात मँचेस्टर युनायटेडचे समर्थक वाटेने जात असताना समोर एक धावणारा माणूस घसरून पडतो आणि विव्हळतो. त्याच्या अंगात युनायटेडची जर्सी असली की बहुतेक जण मदतीला धावले. लिव्हरपूलची किंवा साधी असली की फार थोडे. नंतर दुसऱ्या काही समर्थकांना प्रयोगाआधी आपल्या संघाऐवजी एकूणच फुटबॉलच्या चाहत्यांविषयी, त्यांच्यातील चांगल्या गोष्टींविषयी लिहायला-बोलायला लावले. यावेळी लिव्हरपूलची जर्सी घातलेल्यालाही जवळजवळ तेवढीच मदत मिळाली. माणसे तशीच, वैर तेच. फक्त आपले म्हणून काढलेले वर्तुळ मोठे झाले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने अर्धे कोल्हापूर वेढले, तेव्हा तालमी-मंडळांची पोरे पूरग्रस्तांसाठी जेवण रांधत होती, सामान वाहत होती. समोरचा कोणत्या पेठेचा, हे त्या आठवड्यात कुणी विचारले नाही. ही पोरे आयत्या वेळी एकत्र आली कशी, तर ती आधीपासूनच तालमीच्या कट्ट्यावर रोज एकत्र येत होती म्हणून. संघटना पुरासाठी उभी करावी लागली नाही, ती फुटबॉलने आणि गणपतीने उभी करून ठेवली होती.

आपल्या इथे जन्मलेल्या मुलांविषयी पालक माझ्याकडे काळजी व्यक्त करतात, की मुलगा इथल्या क्लबासाठी जीव टाकतो आणि भारताचा क्रिकेट सामना असला तरी खोलीतून बाहेर येत नाही. मला वाटते, त्याला दोष देण्याआधी त्याने भारताचा सामना आजवर कुणाबरोबर पाहिला हे आपण स्वतःला विचारावे. बंद खोलीत, बापाच्या मोबाइलवर, एकट्याने पाहिलेल्या संघावर त्याचा जीव कसा जडणार? आणि तो ज्या क्लबासाठी रडतो, त्या क्लबाच्या मैदानावर आपण त्याच्यासोबत कितीदा गेलो? कोल्हापूरच्या पेठेने आफ्रिकेहून आलेल्या खेळाडूला आपले म्हटले. आपल्या मुलांना इथल्या गावाने आपले म्हटले, तर त्यात आपले काही हरवत नाही.

म्हणून कार्यकारिणीसमोर मी आज दोन गोष्टी ठेवतो. एक, इथल्या क्लबाच्या घरच्या मैदानावरील सामन्यांना मंडळातर्फे मुले आणि आजी-आजोबा यांनी मिळून जावे आणि तिकिटांची व्यवस्था मंडळाने करावी. दुसरी, कोल्हापूरचे सामने आता इंटरनेटवर थेट पाहता येतात, तर मोठ्या सामन्यांच्या दिवशी मंडळाचे सभागृह उघडावे. कोल्हापुरात दुपारी ४ वाजता सामना सुरू होतो तेव्हा हिवाळ्यात इथे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे चहा-नाश्ता सभागृहातच होईल. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ, दोन्हीकडची कुटुंबे आपल्या मंडळात आहेत. त्यांनी कुठे बसायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे, मात्र मुलांना सोबत आणावे, एवढी माझी विनंती आहे.