पागोळीखालची होडी

श्रोतेहो, नमस्कार.

उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना आपली कुठली बोटं चालतात, पाहिलंय कधी? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. पेन्सिलही हीच तीन बोटं धरतात. पण मूल तीन वर्षांचं झालं की आपण त्याच्या हातात थेट पेन्सिल देतो आणि ‘अ’ गिरवायला बसवतो. अहो, मनगटातली आठही हाडं जन्मतः नुसती मऊ, लवचीक कूर्चा असतात. त्यांचं हाड व्हायला पुढे कित्येक वर्षं लागतात. तोवर बोटांना दुसरी कामं द्या. कागदाची घडी हे त्यातलं सगळ्यात स्वस्त काम.

हे खूळ नवं नाही. जर्मनीत फ्रोबेलनं १८३७ साली बालशाळा काढली. त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्या होत्याच. आपल्या किनाऱ्यावर, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेही गावात मिळणाऱ्या वस्तू हाताशी घेऊन.

सुरुवात चुरगाळण्यापासून करा. रद्दीचा बोळा करायचा, तो उलगडायचा आणि तळहातानं सपाट करायचा. मग चौकोनी कागदाची एकच घडी, रुमालासारखी. इथे खरी गंमत आहे. डाव्या हातानं कडेवर कड दाबून धरायची आणि उजव्या अंगठ्यानं मधून बाहेरच्या बाजूला घडी मोडत न्यायची (डावखुऱ्यांनी उलट). एकाच वेळी दोन हातांना दोन वेगळी कामं! शर्टाचं बटण लावताना, डब्याचं झाकण उघडताना हेच तर लागतं. कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोण करणं जरा अवघड, ते नंतर. जुन्या कॅलेंडरचा कागद मोठा आणि कडक असतो, घडी छान धरतो. मात्र आपल्याकडे आषाढात कागदही सादळतो, म्हणून तो पोह्यांच्या बंद डब्यात ठेवा.

आणि आजीबाई, घडी वाकडी झाली म्हणून कागद ओढून घेऊन सरळ करू नका. तिथे अंगठा तुमचा चालतो, नातवाचा नाही. दाखवायचं असेल तर दुसरा कागद घ्या आणि त्याच्या शेजारी बसा, समोर नको. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं.

होडी मात्र एवढ्यात त्याला जमणार नाही, तिच्या घड्या पुष्कळ. शेवटच्या तुम्ही घाला, पहिली त्याची. पागोळीखाली सोडल्यावर ती कलंडली, तर कागद पुष्कळ आहे.