शिमग्याच्या आधी म्हणजे नेमकं कधी?

नमस्कार. मागच्या रांगेत कुणीतरी सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, माळून आलंय, वास इथपर्यंत येतोय. तेव्हा माझं निम्मं भाषण त्या ताईंनीच करून टाकलं, टाळ्या त्यांना द्या.

विषय दिलाय कोकणातला वसंत. पंचांगाप्रमाणे तो चैत्रात सुरू होतो, पाडव्याला. पण आपल्याकडे पाडव्यापर्यंत थांबतं कोण? तोवर पांगारा फुलून जातो, काजूला बोंडू धरलेले असतात, घाटीत कुसुंबाची पालवी इतकी लालभडक असते की मुंबईचे पाहुणे गाडी थांबवून विचारतात, हे कसलं फूल? फूल नाही हो, पानं आहेत ती, हिरवा रंग मागाहून भरतो. आणि कोकीळ. त्याचं एक सांगूनच टाकतो, ते 'कोकिळा गाते' म्हणणं सोडा आता. गातो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी अंगभर ठिपक्यांची, ती किक किक करत निसटते आणि अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात.

पण मला बोलायचंय सुरंगीवर. वेंगुर्ला, शिरोडा, आरवली, आसोली, या पट्ट्यात राहून ज्याने सुरंगी झाडावर बघितली नाही त्याने उद्या पहाटे उठून बघावी. कळी देठाच्या टोकाला नाही येत, फांदीच्या सालीतूनच फुटते, एकाला एक चिकटून, वाटाण्याएवढी, अख्खी फांदी माखलेली. उमलली की पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गोंडा. आमच्या परसात एक झाड होतं, आजी मला अंधारात उठवायची, मी वर चढायचो, कमरेला टोपली बांधलेली, खाली ती कंदील घेऊन उभी. म्हणायची, "ऊन येवच्या आत काढ रे, मगे सगळा माश्यांचा." आणि खरंच, ऊन पडलं की झाड नुसतं गुणगुणायचं, मधमाश्यांनी भरलेलं, हात घालायची सोय नाही. त्या कळ्यांचे वळेसर करून ती बाजारात पाठवायची आणि त्या पैशातून आमची नव्या वर्षाची पुस्तकं यायची. सुकलेला वळेसर कपड्यांच्या ट्रंकेत टाकायची, पावसाळ्यात ट्रंक उघडली की पुन्हा फेब्रुवारी.

ते झाड गेलं. रस्ता रुंद करायचा म्हणून माणसं आली, मी बँकेत गेलो होतो, दुपारी परतलो तर झाड आडवं, फांद्यांवर कळ्या तशाच. कुणी एक हाक मारली नाही, चार दिवस थांबले असते तर बहर तरी काढून घेतला असता. मी त्या फांदीजवळ बसून राहिलो, संध्याकाळपर्यंत वास येत होता. आजही तिथून जाताना मान आपोआप वर जाते.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. दोन वर्षांनी चुलतभाऊ म्हणाला, हल्ली सुरंगी लवकर फुलते, नाही का? मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. आजी सांगायची शिमग्याच्या आधी आठ दिवस. पण शिमगा तिथीवर. २०२३ला होळी ६ मार्चला, २०२४ला २४ मार्चला, अठरा दिवसांचा फरक! मग आठ दिवस आधी म्हणजे नेमकं कधी? पन्नास वर्षं झाडाखाली उभी राहिलेली बाई, आणि आमच्याकडे एक तारीख नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मग मुद्द्याचं भरभर सांगतो. जपानात क्योटोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी १२०० वर्षांच्या आहेत, दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या डायऱ्यांमधून जमवलेल्या. म्हणून २०२१ला २६ मार्चला बहर आला तेव्हा ते ठामपणे म्हणू शकले की इतक्या लवकर कधीच आला नव्हता. आपल्याकडे हापूसवर घरं चालतात, पाऊस लांबला की मोहोराऐवजी पालवी येते, मोहोर लांबतो, मग थंडी रेंगाळली की पुनर्मोहोर येतो आणि आधी धरलेली कैरी गळते, हे इथे शाळेतल्या पोराला पण माहितीय. पण तुमच्या कलमाला मागच्या पाच वर्षांत पहिला मोहोर कुठल्या तारखेला दिसला? हात वर करा. एक... दोन.

मी आता किचनमधल्या कॅलेंडरवरच लिहितो. पहिली सुरंगी, पहिला कोकीळ, पांगाऱ्याचं पहिलं फूल, चौकोनात दोन शब्द मावतात. आणि तिथीवर नाही, इंग्रजी तारखेवर, वर्ष घालून, म्हणजे दोन वर्षं शेजारी ठेवून बघता येतात. जुनी कॅलेंडरं दुधाच्या हिशेबासकट ठेवून दिलीत.

बाहेर चहाच्या टेबलावर एक वही ठेवलीय, पेन दोऱ्याने बांधलंय. ज्यांच्याकडे सुरंगी फुललीय त्यांनी वाडीचं नाव आणि तारीख लिहा, चहा नंतर घ्या. वळेसरवाल्या ताई, पहिली ओळ तुमची.