सेनियोच्या बांधावर

[दृश्य: सेनियो नदी, दोन्ही काठांचे मातीचे बांध]

उत्तर इटलीतली ही सेनियो. पाणी जेमतेम चार-पाच फूट. आपल्याकडचा पोहणारा गडी हिला नदी म्हणायलाही तयार होणार नाही. अडचण पाण्याची नव्हतीच, बांधांची होती. पूर शेतात शिरू नये म्हणून घातलेले हे बांध जर्मनांनी आतून घुशीसारखे पोखरले होते, आणि सुरुंगही पेरून ठेवले होते.

९ एप्रिल १९४५, दुसरं महायुद्ध. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी पूर्वेचा बांध ओलांडून पाण्यात उतरली. कंपनी कमांडरसोबत नामदेव जाधव होते. गाव निमज, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. वय २३. काम रनरचं. रनर म्हणजे निरोप्या. साहेबांची चिठ्ठी पोचवायची, उत्तर घेऊन यायचं.

पलीकडे चढतात न चढतात तोच पाठीमागून गोळ्या आल्या. ज्या बांधावरून ही माणसं उतरली, त्याच्याच आतल्या उतारात मशीनगनची किमान तीन ठाणी दडलेली होती. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. सोबतचे बाकीचे मारले गेले. धडधाकट उरला तो रनर.

जाधवांनी एका जखमीला उचललं. परत तेच पाणी, तो उभा चढ, सुरुंगांचा पट्टा. त्याला सुखरूप ठेवून ते पुन्हा आले आणि दुसऱ्याला नेलं. ओल्या कपड्यातलं माणूस किती जड होतं, ते विहिरीतून कुणाला वर काढलेल्यालाच ठाऊक.

[दृश्य: बांधाचा माथा]

तिसऱ्या खेपेला ते निघाले ते मात्र हिशेब चुकवायला. पहिलं ठाणं टॉमीगननं गप्प केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतले. तेही संपले. मग सरपटत माथ्यावर जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून आणखी घेतले. उरलेली दोन्ही ठाणी उडवली आणि उखळी तोफांच्या माऱ्यात बांधावर उभं राहून, मराठ्यांची रणगर्जना करत पलटणीला हात केला. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. सांगणारे हाच भाग रंगवून सांगतात. मला विचाराल तर आधीच्या दोन खेपा मोठ्या.

[दृश्य: माणगाव]

याच इटलीत नऊ महिने आधी, १० जुलै १९४४ ला, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले होते. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्यानं लढले. तिथेच पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. कबर नाही, नाव इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे. मोंतोने या इटालियन गावानं २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ : आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

ती लढाई आपली होती का, असं आजही कुणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे. पण पाण्याकाठी पडलेली माणसं पलटणीतली होती, आणि जाधवांना तेवढं पुरलं.

[दृश्य: निमज]

सेनियोनंतर २३ दिवसांत इटलीतलं युद्ध थांबलं. जाधव परतले, हवालदार झाले, १९८४ साली वारले. व्हिक्टोरिया क्रॉसचं त्यांचं मानपत्र आजही वाचायला मिळतं. त्यात नदीची खोली आहे, बांधाचा चढ आहे. त्यांनी उचलून आणलेल्या दोघांची नावं तेवढी नाहीत.