हिरे संपण्याआधी : बोट्स्वाना

(दृश्य : कलहारीचा सपाट मुलूख, काटेरी झुडपं, दूरवर गुरांचा कळप)

30 सप्टेंबर 1966. ब्रिटिश आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या बोट्स्वानातून गेले, तेव्हा या अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम 12 किलोमीटर. समुद्रकिनारा नाही. माणसांचं पोट गुरांवर आणि गुरांची भिस्त पावसावर. त्यात सलग काही वर्षं दुष्काळ पडलेला. सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटनच्या मदतीशिवाय भागत नव्हता.

पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले.

हिरे सापडले म्हणजे देशाचं भलं झालंच, असं नसतं. सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 चाललेल्या यादवीला हिऱ्यांच्याच पैशाने खतपाणी घातलं. मग बोट्स्वाना का वाचला?

माझ्या मते पहिलं कारण आहे 1967 चा खनिज कायदा. तोवर जमिनीखालच्या खनिजावर त्या त्या जमातीचा हक्क होता. या कायद्याने तो देशाकडे आला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा जन्माने बांग्वाटो जमातीच्या गादीचे वारस, आणि ओरापाची खाण त्यांच्याच जमातीच्या मुलखात. हिरे आमचेच, असं म्हणणं त्यांना किती सोपं होतं! ते तसं म्हणाले नाहीत. त्यामुळे या जमातीचे हिरे की त्या जमातीचे, हे भांडण उभंच राहिलं नाही.

मग हिऱ्यांच्या धंद्यातल्या बड्या डी बिअर्स कंपनीशी वाटाघाटी. सुरुवातीला खाणीत सरकारचा वाटा होता 15 टक्के. खाणीत किती माल आहे याचा अंदाज आल्यावर सरकारने पुन्हा बोलणी केली आणि तो 50 टक्क्यांवर नेला. ही भागीदारी म्हणजे आजची डेबस्वाना. वर कर आणि रॉयल्टी धरली, तर नफ्यातला बहुतांश पैसा सरकारकडे येतो.

(दृश्य : ज्वानेंगची खाण. उतरत्या पायऱ्यांचा प्रचंड खड्डा, मुरूम वाहणारे अवजड डंपर)

हे ज्वानेंग. किमतीच्या हिशेबाने जगातल्या सर्वांत श्रीमंत हिरेखाणींपैकी एक, 1982 साली सुरू झालेली. इथला हिऱ्यांचा खडक वाळूच्या जाड थराखाली दडलेला होता. वाळवीने वारुळं बांधताना हिऱ्यांसोबत सापडणारे खालचे बारीक खनिजकण वर आणले आणि भूवैज्ञानिकांना माग लागला.

पण खरी परीक्षा होती पैसा हातात आल्यानंतरची. अर्थमंत्री आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले क्वेट मासिरे यांच्या काळात शिस्त बसली: संसदेने मंजूर केलेल्या विकास आराखड्यात जे नाही, त्यावर खर्च नाही. शाळा बांधायची, तर शिक्षकांचे पगार पुढची वर्षं कुठून देणार, हेही आधीच मांडायचं. 1981 मध्ये हिऱ्यांचा बाजार बसला. काही महिने माल विकलाच गेला नाही. सरकारने खर्चाला कात्री लावली, गंगाजळीतून वेळ निभावली. पुढे 1990च्या दशकात पुला फंड उभा राहिला, म्हणजे खाणीतून आलेल्या पैशातली परदेशात गुंतवलेली शिल्लक.

या शिस्तीचं मोल कळलं ते एड्सच्या साथीत. जगात सर्वांत जास्त झळ बसलेल्या देशांत बोट्स्वाना होता. 2002 मध्ये सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे करणारा आफ्रिकेतला हा पहिला देश. हिऱ्यांचा पैसा याहून चांगल्या कामाला लागला असेल, असं मला वाटत नाही.

(दृश्य : राजधानी गॅबोरोन. नोकरीसाठी अर्ज घेऊन उभे असलेले तरुण)

कमी पडलं ते रोजगारात. खाण पैसा देते, पण माणसं फार घेत नाही. खोदायला यंत्रं, वाहायला डंपर, चुरलेल्या खडकातून हिरे वेगळे काढायला क्ष-किरणांची यंत्रणा. देशाची लोकसंख्या साधारण 25 लाख, आणि काम शोधणाऱ्या चौघांतला एक बेकार. परदेशी विक्रीतला सिंहाचा वाटा मात्र अजून हिऱ्यांचाच. हिऱ्यांखेरीज दुसरं काही उभं करायचं, हे सगळी सरकारं म्हणत आली. पैसा येत होता, तोवर निकड कुणालाच वाटली नाही.

आता प्रयोगशाळेत बनलेल्या स्वस्त हिऱ्यांनी बाजार खाल्ला आहे. 2024 मध्ये अर्थव्यवस्था आकसली. त्याच वर्षी स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष निवडणूक हरला आणि ड्यूमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. पुला फंडातली सरकारची शिल्लक आधीच घटत गेली होती. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारी दवाखान्यांत औषधं नाहीत म्हणून बोकोंना सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. ज्या देशाने एचआयव्हीची औषधं घराघरात पोहोचवली, त्याच देशात!

आणि याच काळात सरकारला डी बिअर्समधला, म्हणजे डेबस्वानातला नव्हे तर मूळ कंपनीतला, आपला 15 टक्क्यांचा वाटा वाढवून कंपनीच ताब्यात घ्यायची आहे. मला हा निर्णय पटत नाही. मागणी आटत चाललेल्या धंद्यात उरलीसुरली पुंजी ओतायची, तर दवाखान्यांना औषधं कुठून येणार आणि त्या रांगेतल्या पोरांना काम कोण देणार?